शुब्रातल्या पोटमाळ्यावरचं दप्तर

इजिप्तमध्ये घरातले जुने कागद बहुतेक वेळा रोबाबेकियावाल्याच्या गाडीवर चढतात. ‘बेक्या, बेक्या’ अशी हाळी देत तो गल्लीतून जातो आणि तुटका पंखा, मोडकं कपाट, आजोबांची पत्रं असं सगळं एकगठ्ठा घेऊन जातो. त्यातलं थोडंफार कैरोच्या अझबकिया भागातल्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात पोहोचतं. तिथे अनोळखी कुटुंबांच्या लग्नाचे फोटो ढिगाने विकायला ठेवलेले मी पाहिले आहेत. नवरा-नवरीच्या डोक्यावर मुकुट दिसले की लग्न कॉप्टिक चर्चमधलं असावं एवढा अंदाज बांधता येतो. माणसं कोण, कुठली, हे कळायला काही मार्ग उरलेला नसतो. माझ्या सासरचं दप्तर, म्हणजे घरातल्या जुन्या कागदांचा साठा, त्या ढिगात जाऊ नये म्हणून मी तो लावायच्या कामाला हात घातला.

कॉप्ट म्हणजे इजिप्तचे ख्रिस्ती. अरब देशांतला हा सर्वांत मोठा ख्रिस्ती समाज. त्यांचं चर्च आपली परंपरा थेट संत मार्कपासून सांगतं. माझा नवरा त्या समाजातला आणि मी कोल्हापूरची. लग्नाआधी काही वर्षं मोडी कागदांवर काम केलं होतं. कागद बांधलेला रुमाल सोडायचा, कागद झटकायचा, वाचायचा, गोषवारा लिहायचा, पुन्हा बांधून ठेवायचा. कैरोत आल्यावर अरबी शिकले, आधी बोलायला आणि मग वाचायला. सासरे गेल्यावर शुब्रामधलं चौथ्या मजल्यावरचं भाड्याचं घर सोडायचं ठरलं. शुब्रा हा कैरोतला कॉप्टांची दाट वस्ती असलेला भाग. तिथे आता माझ्या आत्येसासूबाई एकट्याच राहत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. घरातल्या आम्ही सगळ्या सुना त्यांना ‘तांत’ म्हणतो. फ्रेंचमधून आलेलं हे संबोधन इजिप्तमध्ये मोठ्या बायकांसाठी सर्रास वापरतात.

तिकडच्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या वर पोटमाळा काढलेला असतो, त्याला सांदरा म्हणतात. सांदऱ्यावरून दोन पत्र्याच्या ट्रंका, कागद कोंबलेले उशांचे अभ्रे आणि जाड सुती कापडात बांधलेली गाठोडी खाली आली. नवऱ्याचं म्हणणं पडलं की महत्त्वाचे तेवढे निवडून घेऊ. मी सांगितलं, एकही कागद जागचा हलवायचा नाही.

हा हट्ट माझ्या कामातून आलेला आहे. कागद ज्या कागदांबरोबर बांधलेला सापडला त्यांच्याबरोबरच राहू द्यायचा, हा दप्तराचा पहिला नियम. तारखेप्रमाणे लावून टाकायचा मोह होतो, पण बांधणाऱ्याने ते एकत्र का ठेवले हे एकदा गाठ सुटून कागद विखुरले की कायमचं हरवतं. पहिल्याच गाठोड्यात एक विजेचं बिल, एक बाप्तिस्म्याचा दाखला, ओळखपत्राची नक्कल आणि शाळा सोडल्याचा दाखला असा जुडगा होता. इजिप्तच्या ओळखपत्रावर धर्माची नोंद असते. नाव, पत्ता आणि धर्म या तिन्ही गोष्टी जुळवून दाखवायची वेळ कुठल्याशा कचेरीत आली असणार आणि काम झाल्यावर तो जुडगा तसाच ट्रंकेत गेला असणार. असे जुडगे एकामागून एक निघत गेले तसं मला उमगत गेलं की हे कागद आठवण म्हणून कोणी जपलेले नव्हते. ते पुरावे होते. घर आपलं आहे, लग्न लागलेलं आहे, मूल आपलं आहे आणि ख्रिस्ती आहे, कर भरलेला आहे. ज्या गोष्टीचा पुरावा कधी कोणी मागितला नाही, तिच्याबद्दल ट्रंकेत जवळजवळ काहीच नव्हतं. ते सगळं तांतजवळ होतं, तोंडी.

त्यामुळे काम दोघींनी मिळून करायचं ठरलं. साफसफाई मी करायची: मऊ ब्रशने धूळ काढणं, गंजलेल्या टाचण्या सोडवणं, कसर लागलेले कागद वेगळे टिपकागदात ठेवणं, प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने क्रमांक टाकणं, मग दोन्ही बाजूंचा फोटो. वाचन मात्र दोघींचं. अरबी हस्ताक्षर बहुतेक रुक्आ वळणाचं असतं. कारकुनी हात, भराभर लिहिलेला, टिंबं एकमेकांत मिसळलेली, अक्षरांची शेपटं गिळलेली. मोडी वाचलेल्या माणसाला असा हात बघून घाबरायला होत नाही, कारण ओळीचा अंदाज घेऊन शब्दाकडे जायची सवय असते. पण नातीगोती आणि गावांची नावं तांतशिवाय लागली नसती. मी अडले की त्या चष्मा पुसून कागद हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, “दे इकडे, या बिंती (माझ्या मुली), हा माझ्या आजोबांचा हात आहे.”

सुरुवात झाली ती कियाहक महिन्यात. कॉप्टिक पंचांगातला हा चौथा महिना. त्याच्या 29 तारखेला, म्हणजे 7 जानेवारीला, त्यांचा नाताळ. त्याआधीचे सगळे दिवस उपास. मांस, अंडी, दूध, तूप काही चालत नाही. वर्षात असे दोनशेहून जास्त दिवस भरतात, आणि तांत ते सगळे धरतात. दुपारी फूलची, म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची, उसळ आणि भाकरीसारखा बलदी पाव खायचा, टेबल पुसून कोरडं करायचं, मग कागद काढायचे. शनिवारी मात्र लवकर आटोपावं लागे, कारण रात्री चर्चमध्ये कियाहकची स्तोत्रं पहाटेपर्यंत चालतात आणि त्या वयातही त्यांना तिथे जायचंच असे.

सर्वांत जुना निघाला तो एक हुज्जतीचा कागद (हुज्जत म्हणजे न्यायालयाने करून दिलेलं खत), दक्षिण इजिप्तमधल्या असयूतच्या शरिया न्यायालयाचा, रजब 1260 हिजरीचा, म्हणजे 1844 चा. घरातला हिस्सा विकत घेतल्याची नोंद. उंच अरुंद कागद, वर काझीचा शिक्का, शाई अजून काळीभोर. खरेदी घेणाऱ्या पूर्वजाची ओळख ‘नसरानी याकूबी’, म्हणजे याकूबी पंथाचा ख्रिस्ती, अशी लिहिलेली आहे; त्या काळच्या न्यायालयांत कॉप्टांना असंच नोंदवत. विकणाऱ्याचा बाप मेलेला होता, तोही ख्रिस्ती, आणि त्याच्या नावाआधी ‘हालिक’ आहे, नष्ट झालेला. मेलेल्या मुसलमानासाठी वापरायचा आदराचा शब्द ख्रिस्त्याला लागत नसे. तांत तिथे थांबल्या. शब्द त्यांना माहीत होता. “चाळीस वर्षं इतिहास शिकवला,” म्हणाल्या, “पण हा वर्गात कधी उच्चारला नाही. वर्गात दोन्हीकडच्या मुली असायच्या.”

मी कागद उलटला. पाठीमागे, वेगळ्या बारीक हातात, एकच ओळ: घर घेतलं, अबीब 1560. ही हुतात्म्यांची कालगणना. रोमन सम्राट डायोक्लिशियन गादीवर आला ते इसवी सन 284 हे तिचं आरंभवर्ष, कारण त्याच्या काळात इजिप्तच्या ख्रिस्त्यांचा फार मोठा संहार झाला. एकाच व्यवहाराची तारीख पुढे सरकारी, मागे घरची. त्यानंतर अकरा वर्षांनी, 1855 मध्ये, इजिप्तचा शासक सईद पाशाने जिझिया बंद केला आणि मग कॉप्ट सैन्यातही भरती होऊ लागले. पुढच्या कागदांत ‘नसरानी याकूबी’ मागे पडतं, ‘कॉप्टिक ऑर्थोडॉक्स’ येतं, आणि 1929 च्या नागरिकत्वाच्या कायद्यानंतर नुसतं ‘इजिप्शियन’. या माणसांनी स्वतःला तेवढ्या वेळा बदललं असेल असं नाही. पण कागदावर तुम्हाला काय म्हणतात याचा परिणाम तुम्ही मुलांना स्वतःबद्दल काय सांगता यावर होतो, एवढं मला या कामात दिसलं.

कॉप्टिक महिन्यांबद्दल एक राहिलं. ते केवळ चर्चचे नाहीत. नाईलकाठचा शेतकरी, मग तो कुठल्याही धर्माचा असो, पेरणी-कापणी याच महिन्यांवर बोलतो. तूबात हाडं गोठवणारी थंडी, अमशीरात वारा, बरम्हातात ‘शेतात जा आणि घेऊन ये’. नवऱ्याच्या खापरपणजोबांची हिशेबवही याच महिन्यांनी चालते. गहू आणि फूल अर्दबात, कापूस कंतारात, ही तिकडची जुनी मापं. 1580 आणि 1581 या सालांची पानं, म्हणजे 1863 ते 1865, मी पुन्हा पुन्हा पाहिली. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरला पोहोचत नव्हता, आणि कापसाचा आकडा महिन्यागणिक चढत होता. त्याच भावाने तेव्हा मुंबईतही माणसं वेडी झाली होती आणि 1865 मध्ये युद्ध संपताच तिथले शेअर कोसळले. असयूतच्या वहीतही त्या उन्हाळ्यानंतर कापसाचे रकाने कोरे आहेत. मग पुन्हा गहू आणि फूल.

त्या वहीत पाणी उपसायच्या साकियाचा, रहाटाचा, खर्च वाटून घेतलेला आहे. रहाटाचे चोवीस किरात, म्हणजे चोवीस हिस्से. अर्धे या घराचे, अर्धे एका मुसलमान शेजाऱ्याचे. ही भागीदारी पुढच्या वहीतही आहे, मुलांच्या नावावर.

हे सांगायचं कारण म्हणजे 1911 बद्दल या घरात चालत आलेली गोष्ट. कॉप्ट पंतप्रधान बुत्रोस घाली यांची फेब्रुवारी 1910 मध्ये कैरोत हत्या झाली. त्यानंतर वर्तमानपत्रांतून दोन्हीकडून आगपाखड सुरू झाली, आणि मार्च 1911 मध्ये असयूतला कॉप्टिक परिषद भरली. ख्रिस्ती नोकरदारांना रविवारची सुटी, नेमणुका गुणांवर, प्रांतिक कौन्सिलांच्या शाळांचा लाभ सगळ्यांना, अशा तिच्या मागण्या होत्या. उत्तरादाखल काही आठवड्यांनी कैरोजवळच्या हेलिओपोलिसला मुसलमानांच्या बाजूने दुसरी परिषद झाली. तांतने आपल्या आजीकडून ऐकलेलं असं: “आमच्या आजोबांनी तेव्हापासून त्या लोकांशी संबंध तोडले. कोणी कोणाच्या दारात गेलं नाही.”

अभ्र्यांपैकी एकात आहेराची यादी सापडली. लग्नात रोख आहेर देण्याची आणि तो नावानिशी लिहून ठेवण्याची पद्धत तिकडेही आहे; त्याला नुकूत म्हणतात, आणि आपल्यासारखाच तो पुढे त्यांच्या घरच्या लग्नात फेडायचा असतो. ही यादी बाबा महिन्यातली, 1629 सालची, म्हणजे 1912 चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्याच आजोबांच्या बहिणीचं लग्न. मी नावं वाचत होते, तांत बोटाने ओळ धरत होत्या. सुमारे तिसरा हिस्सा नावं मुसलमानांची निघाली. रहाटातल्या भागीदाराचं नाव वरून तिसरं होतं आणि रक्कम नवरीच्या सख्ख्या मामाने दिली तेवढीच.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आजी खोटं बोलणारी बाई नव्हती.” मलाही तसं वाटत नाही. त्याच अभ्र्यात 1911 चं एक पत्र आहे, आजोबांच्या भावाचं, तो डेल्टात रेल्वेत कारकून होता. परिषदेला जाऊ नकोस असं त्याने थोरल्या भावाला विनवलं आहे. तुम्ही असयूतला पुष्कळ आहात, आम्ही इथे मूठभर, आम्हालाच कचेरीत बसायचं आहे. सगळ्याच कॉप्टांना ती परिषद पटलेली नव्हती, हे इतिहासातून माहीत असतं. पण भीतीचा असा हिशेब भावाने भावाला लिहिलेला वाचला की आजीने ऐकवलेला दुरावाही खरा वाटतो. घरात कडवट बोलणं झालं असणार. मुलांनी ते ऐकलं असणार. आणि तरी लग्नाला भागीदार आला, आहेर करून गेला. कडवट बोलणं तोंडातोंडी पुढच्या पिढीपर्यंत आलं. भागीदाराचं येणं नेहमीचंच, म्हणून ते सांगावंसं कोणाला वाटलं नाही. यादी नसती तर ते गेलंच होतं.

ब्रिटिशांविरुद्धच्या 1919 च्या उठावाचं याच्या अगदी उलट. तांतला त्यातलं सगळं पाठ आहे: चंद्रकोर आणि क्रूस असलेले झेंडे, पाद्री सर्गियस यांनी कैरोतल्या अल-अझहर मशिदीच्या व्यासपीठावरून केलेली भाषणं. ट्रंकेत त्या काळाची एकच खूण होती. तुमचा मुलगा मार्चपासून गैरहजर आहे, अशी शाळेची नोटीस.

घरच्या बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर जन्मनोंदी आहेत, पिढ्यान्पिढ्या. कॉप्टांना आपल्यासारखं आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आजोबांचं. त्यामुळे नावांची यादी वाचणं म्हणजेच घराण्याचा इतिहास वाचणं. जुन्या नोंदींत गिर्गिस, मिखाईल, अब्द अल-मसीह. 1920 नंतर एकदम वारं पालटतं. कमाल, समीर, नबील, रमझी, अधूनमधून एखादा व्हिक्टर किंवा विल्यम. त्यांतली बहुतेक अशी की नावावरून धर्म कळू नये. राष्ट्रवादी वफ्द पक्षाचा, संसदेचा, नव्या नोकऱ्यांचा तो काळ. तांतचे वडील भूमापन खात्यात लागले आणि असयूत सोडून शुब्राला आले ते तेव्हाच. “आम्हाला फक्त इजिप्शियन व्हायचं होतं,” तांत म्हणाल्या, “आणि ते होता येईल असं वाटत होतं.” मग 1970 नंतरच्या पानावर मिना, बिशोय, मारिना, किरोल्लोस. हुतात्मे, वाळवंटातले संत, आणि 1959 ते 1971 पर्यंत गादीवर असलेले कॉप्टिक चर्चचे लोकप्रिय पोप सहावे किरोल्लोस. नाव घेताच मुलगा कोणाचा ते कळावं, अशी ही नावं. माझ्या नवऱ्याच्या चुलतभावंडांत समीर आणि बिशोय एकाच घरात आहेत, वयात अंतर बारा वर्षांचं. त्या वर्षांत सार्वजनिक जागा आक्रसत गेली आणि चर्च मोठं होत गेलं: रविवारच्या शाळा, दवाखाने, सहली, खेळ, लग्नाची स्थळं, सगळं आवारातच. माझ्या मते या समाजाच्या गेल्या शंभर वर्षांबद्दल बायबलच्या त्या दोन पानांइतकं नेमकं बोलणारं दुसरं काही ट्रंकेत नव्हतं.

आता वारसाहक्काचे कागद. त्यांच्यामुळे हे काम मध्येच थांबण्याची वेळ आली होती.

तांतचे वडील 1957 मध्ये गेले. मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली. घरात सांगत आलेत ते असं: आमच्यात मुलगा-मुलगी समान, भावांनी बहिणींना बरोबरीचा वाटा दिला, टेबलाभोवती बसून सगळ्यांनी सह्या केल्या. तांत हे अभिमानाने सांगायच्या, मला लग्नानंतर पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये हुदा नसरल्ला या कॉप्ट वकीलबाईंनी भावांइतकाच वारसा मिळावा म्हणून लढवलेला दावा कैरोतल्या न्यायालयात जिंकला, त्याचं कात्रण तांतच्या रोजच्या प्रार्थनापुस्तकात आहे. बाईंचे भाऊ त्यांच्या बाजूने होते. “आमच्याकडे हे साठ वर्षांपूर्वी झालं,” असं त्या कात्रण दाखवून म्हणायच्या.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. कॉप्टांची स्वतःची मिल्ली, म्हणजे धर्मसमाजाची, न्यायालयं होती आणि 1938 च्या त्यांच्या नियमांत मुलामुलींना सारखा हिस्सा होता. वारसाहक्काला मात्र 1940 च्या दशकातल्या कायद्यांनी सर्वांना इस्लामी वाटणी लावली. वारस बिगर-मुस्लिम असतील आणि सगळ्यांचं एकमत असेल तर आपल्या धर्माप्रमाणे वाटून घ्यायची मोकळीक ठेवली. मिल्ली न्यायालयं 1 जानेवारी 1956 पासून बंदच झाली.

जुडग्यात तीन कागद होते. पहिला 1957 चा वारसदाखला, न्यायालयाचा. असयूतचं घर चोवीस किरात धरलेलं: आईला तीन, मुलांना सात-सात, मुलींना साडेतीन-साडेतीन. दुसरा साध्या रेघी कागदावर, शाईच्या पेनाने, दोघा भावांनी लिहून दिलेला: आईचे तीन किरात वजा जाता उरलेले एकवीस आम्ही चौघं सारखे वाटून घेऊ, प्रत्येकी सव्वापाच. खाली सह्या. आईची, दोघा भावांची, थोरल्या बहिणीची. तांतची सही नव्हती. त्यांच्या नावापुढे ‘अज्ञान, तर्फे पालक’ असं लिहून थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सही केलेली होती. इजिप्तमध्ये सज्ञान व्हायचं वय 21, आणि तांत तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. तिसरा कागद 1963 चा. थोरल्या बहिणीने कॅनडाला जायच्या आधी आपला हिस्सा भावांना विकल्याची पावती. हिस्सा किती, तर साडेतीन किरात.

मी आकडा दोनदा वाचला. मग तांतने वाचला. 1957 चा कबुलीचा कागद नोंदवलेला नव्हता, त्यामुळे कचेरीत तो चालला नसता. विक्री व्हायची तर वारसदाखल्यावर जे आहे तेच विकता येणार. फरकाचे पैसे भावांनी बहिणीला हातात दिले असतील, नसतील. त्याचा कागद नाही. थोरली बहीण आज हयात नाही, भाऊही नाहीत.

तांत म्हणाल्या, “मला वाटत होतं मी सही केली होती. टेबल आठवतं. दौत आठवते.” नंतर काही दिवस त्यांनी कागद उघडू दिले नाहीत. नवरा अस्वस्थ होता. त्याच्या वडिलांचीच सही होती ती. हा जुडगा यादीत घ्यायचा कशाला, असं त्याने मला विचारलं, आणि त्याच्या जागी मीही तेच विचारलं असतं. मी म्हटलं, हे तांतने ठरवायचं.

मधल्या दिवसांत आम्ही सोपे कागद घेतले. जेरुसलेमच्या यात्रेचं प्रशस्तिपत्र, तांतच्या आईचं. यात्रा करून आलेल्याला ‘मुकद्दस’ म्हणायची रीत आहे, बाईला ‘मुकद्दसा’, आणि हातावर क्रूस व साल गोंदवून घेतात. सासूबाईंना आठवतं, म्हातारीच्या मनगटावरचं ते हिरवं साल सगळी नातवंडं बोटाने गिरवायची. 1967 नंतर या घरातलं कोणी गेलेलं नाही. आधी युद्ध, नंतर पोप तिसरे शनूदा यांची बंदी.

आणि 1981 चं काही नाही. अगदी काहीच नाही. त्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष सादातांनी दीड हजारांहून जास्त लोकांना अटक केली, सगळ्या रंगांच्या राजकारणातल्या. त्यांत बिशप आणि पाद्रीही होते. पोप शनूदांना वादी नत्रूनच्या मठात स्थानबद्ध केलं आणि तिथून ते 1985 मध्येच परत आले. तारखांच्या रांगेत ते साल येतं आणि ट्रंक गप्प होते. ते तांतने सांगितलं. चर्चमधल्या सभांच्या टिपा, प्रवचनांच्या कॅसेटी, एका पाद्र्याची पत्रं असं सगळं तांतच्या आईने गच्चीवर नेऊन जाळलं, दोन रात्री. यादीत मी त्या जागी कोरा क्रमांक ठेवला आहे आणि त्यापुढे तांतचं बोलणं तारखेसह लिहिलं आहे. जाळलेल्या कागदांना दप्तरात जागा हवी असं मला फार मनापासून वाटतं. अशा घरांत काय ठेवलं याइतकंच काय ठेवता आलं नाही हेही महत्त्वाचं असतं.

हातांनी लिहिलेलं एक स्तोत्रपुस्तकही आहे, एका बाजूला कॉप्टिक, दुसऱ्या बाजूला अरबी, पानांचे आकडे कॉप्टिक अक्षरांत. शम्मास, म्हणजे चर्चमधला सेवक, असलेला एक पुतण्या येऊन त्याचं वाचन ध्वनिमुद्रित करून गेला. त्याला चाली येतात, उच्चार येतात. सगळा अर्थ लागत नाही आणि त्याबद्दल त्याला वाईट वाटतं.

नाताळ झाल्यावर तांतने आपणहून तो जुडगा मागितला. तिन्ही कागद यादीत घ्यायचे, नक्कल सगळ्यांना द्यायची, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं निवेदन ठेवायचं, असं त्यांनी सांगितलं. निवेदन त्यांनी तोंडी दिलं, मी लिहून घेतलं, नवऱ्याने अरबी तपासलं. त्यात भावांवर आरोप नाही. मला असं सांगण्यात आलं, मी असं मानत आले, मुलींना असं सांगत आले, आणि कागदात असं आहे, एवढंच. शेवटी त्यांनी भर घालायला लावली की भावांनी सारखा वाटा द्यायचं लिहून दिलं होतं हेही खरं आहे, ते कोणी पुसू नये. नवऱ्याने ते वाचून दाखवलं आणि तांतने सही केली.

मूळ कागद आता आमच्या घरी आम्लरहित खोक्यांत आहेत. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी बोलणं चालू आहे. हुज्जत, हिशेबवह्या, आहेराची यादी आणि जन्मनोंदींची छायाचित्रं द्यायला सगळे तयार आहेत. हयात माणसांचे उल्लेख असलेली पत्रं बंद ठेवायची अट घातली आहे. वारसाचा जुडगा तांतच्या मते उघडा असावा, त्यांच्या टोरंटोच्या भाचीच्या मते तिच्या आईचं, म्हणजे थोरल्या बहिणीचं, नाव झाकून. यावर अजून एकमत झालेलं नाही.

टोरंटोच्या त्याच भाचीकडे एका खोक्यात कैरोहून गेलेली हवाई पत्रं आहेत, 1963 पासूनची. आमच्याकडे तिकडून आलेली आहेत, इकडून गेलेली नाहीत. फरकाच्या पैशांबद्दल काही लिहिलेलं असेल तर त्यांतच असेल. खोकं न उघडता, आहे तसं, दोरीसकट घेऊन ये असं मी तिला कळवलं आहे.